विजेवरचा छोटा ट्रक, रानातले मुक्काम आणि अर्थिंगची कटकट: अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरने माझ्या हातात 1,180 रुपयांची पावती ठेवली आणि तिच्यावर "दोष आढळला नाही" असे लिहिलेले दिसले, त्याच दिवशी हा अनुभव लिहायचा असे मी ठरवले होते. हजार रुपये तपासणीचे आणि 180 रुपये जीएसटीचे. म्हणजे दोष नसल्याबद्दल मी सरकारलाही कर भरला. खेड्यांत चार्जर गाडी भरायला नकार देत होता, म्हणून ती तीन दिवस त्यांच्याकडे पडून होती. पहिल्या दिवशी चार्जर बिघडला आहे, नवा घ्यावा लागेल असे सांगण्यात आले; दुसऱ्या दिवशी संशय गाडीतल्या कुठल्याशा भागावर गेला; आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या भिंतीवरच्या सॉकेटला लावताच तोच चार्जर तीच गाडी निमूटपणे भरू लागला. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते कोणत्याही कंपनीच्या गाडीला लागू पडेल.

इंदुरात आम्ही दोघे भाऊ शाळांच्या आणि पदभ्रमण मंडळांच्या शिबिरांना तंबू, सतरंज्या, पातेली आणि शेगड्या भाड्याने पुरवतो. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला जुना डिझेलचा छोटा ट्रक देऊन हा विजेवरचा घेतला. बॅटरी 21 युनिटची आहे; एका भरण्यात कागदावर दीडशे किलोमीटरच्या वर जाते, माल भरून प्रत्यक्षात 105 ते 115. शहरातल्या फेऱ्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. गाडी रात्री घरी भरते, सकाळी निघते, आणि इंधनाचा खर्च डिझेलच्या तिसऱ्या हिश्श्यावर आला आहे. खरी परीक्षा सुरू होते ती मुक्काम चोरल, मांडू किंवा महेश्वरच्या बाजूला असतो तेव्हा.

सुरुवातीला मला भीती होती ती घाटाची. इंदूर पठारावर आहे आणि नर्मदेकडे कुठल्याही रस्त्याने गेले तरी घाट उतरावाच लागतो, म्हणजे परतताना तो चढावाही लागतो. मालासकट अठराशे किलोचे ओझे 400 मीटर वर उचलायला नुसत्या भौतिकशास्त्राच्या हिशेबाने जवळजवळ 2 युनिट लागतात, आणि मोटारीतली घट धरली तर अडीच. नर्मदाकाठच्या जलूद गावाहून नदीचे पाणी 1978 पासून इंदूरला चढवले जात आहे आणि त्या चढाची किंमत इंदूरकर पाणीपट्टीतून मोजतात. तोच चढ मी बॅटरीतून मोजतो, इतकाच फरक. उतरताना मोटर जनित्रासारखी चालून यातले थोडे परत मिळते, पण हिशेबात ते धरू नये. एकूण, परतीच्या घाटासाठी 15 किलोमीटरची धाव बाजूला ठेवली की ही भीती संपते. पहिल्या दोन महिन्यांत मी घाटावर जितका विचार केला, तितका तो विषय मोठा नव्हता.

मोठा विषय निघाला तो सॉकेटमधल्या तिसऱ्या, वरच्या जाड भोकाचा, म्हणजे अर्थिंगचा: गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या तारेचा.

जानेवारीत चोरलच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या मळ्यात आमचे शिबिर होते. घरात वीज होती, पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता. मी 15 अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला, आणि हिरवा दिवा लागायच्या ऐवजी लाल दिवा तीन वेळा लुकलुकला. काढून पुन्हा लावला, पुन्हा तीन वेळा. शेतकरी हात मागे बांधून पाहत उभा होता. तो म्हणाला, "बाबूजी, बिजली तो पूरी है, पर तमारी गाड़ी के गले नी उतरे." (वीज तर पुरेशी आहे, पण तुमच्या गाडीच्या गळी उतरत नाही.) त्या रात्री गाडी भरली नाही आणि सकाळी 38 टक्क्यांवर, निम्मा माल मागे ठेवून, घाट चढून घरी आलो. हेच फेब्रुवारीत आणखी दोन ठिकाणी झाले, आणि मग वर सांगितलेला सर्व्हिस सेंटरचा प्रसंग घडला. माहितीपुस्तिकेत तीन लुकलुकींचा अर्थ "वीजपुरवठा तपासा" एवढाच दिला आहे. काय तपासा, कसे तपासा, यावर एक ओळ नाही. मात्र गाडीच्या मागच्या पट्टीवर स्टिकर कुठे लावावा यासाठी अर्धे पान खर्ची घातले आहे.

उलगडा केला तो पुतण्याने, ज्याने आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केला आहे. मार्चमध्ये तो माझ्याबरोबर त्याच मळ्यावर आला. आधी त्याने मल्टिमीटर लावला: फेज आणि न्यूट्रलमध्ये 221 व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये 190. मी म्हणालो की अर्थिंग आहे की रे. त्याने उत्तर न देता पिशवीतून दोन तारा जोडलेला शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलला लावल्यावर तो लख्ख पेटला; फेज आणि अर्थला लावल्यावर त्याच्या तारेत साधी लालीही आली नाही. मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे नावापुरता स्पर्श असलेली तारसुद्धा त्याला खरी वाटते. बल्बला मात्र करंट परत जायला वाट लागते. मग त्याने लाकडी बोर्ड उघडला. हिरवी तार बोर्डाच्या मागून बाहेर आली होती, दोन वीत भिंतीवरून गेली होती, आणि ज्या खिळ्याला देवाचे कॅलेंडर टांगले होते त्याच खिळ्याला तीन वेढे देऊन संपली होती. "काका, गाडी तीन महिन्यांपासून खरे बोलते आहे," असे तो म्हणाला, आणि मला 1,180 रुपये आठवले.

गाडीबरोबर येणारे हे चार्जर आधी तपासतात की तिसरी पिन खरोखर जमिनीपर्यंत पोचते का, आणि पोचत नसेल तर भरायला नकार देतात. पंखा, टीव्ही आणि पाण्याची मोटर ही तपासणी करत नाहीत, म्हणून खेड्यांतल्या कित्येक घरांना आपल्याकडे अर्थिंग नाही हे कधी कळतच नाही.

त्यानंतर आम्ही तांब्याचा मुलामा दिलेली चार फुटी सळई घेतली. त्या मळ्यात पाटाच्या कडेला, काळ्या मातीत, घणाच्या आठ-दहा घावांत ती पूर्ण आत गेली. वरून बादलीभर पाणी आणि मूठभर मीठ टाकले, हिरवी तार कॅलेंडरच्या खिळ्यावरून सोडवून सळईला क्लॅम्पने आवळली आणि चार्जर लावला. आतून "टक्" असा आवाज आला आणि हिरवा दिवा लागला. पगपग नीर म्हणून माळव्याच्या मातीचे कौतुक लहानपणापासून ऐकले होते, पण तिचा हा उपयोग मला साठीच्या उंबरठ्यावर कळला. ओल धरून ठेवणारी काळी माती अर्थिंगला उत्तम असते. मेमध्ये त्याच शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, तेव्हा तीन बादल्या ओतूनही पंधरा मिनिटे थांबावे लागले. आणि मांडूला मुरूम आणि काळा पाषाण असल्यामुळे सळई वीतभर आत जाऊन घणाला उलटे टोले देऊ लागली. तिथे ती विहिरीच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात ठोकावी लागली.

अशी एकट्या सळईची अर्थिंग फ्यूज उडवण्याइतकी सक्षम नसते, हे इथे स्पष्ट करतो. म्हणून सॉकेटपासून गाडीपर्यंत नेलेल्या तारेच्या सुरुवातीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावलेला डबा ठेवणे मी अनिवार्य मानतो; थोडासा करंट जरी वाट चुकून जमिनीत गेला तरी तो पुरवठा तोडतो, आणि त्यासाठी मध्यम दर्जाची अर्थिंगही पुरते. एका गावात आम्हाला दुसरा, फुकटचा उपाय सुचवण्यात आला होता: सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि तिसरी पिन एका तुकड्याने जोडून टाकावी, चार्जर फसतो आणि गाडी भरते. फसतो हे खरे आहे. पण बाहेर कुठे न्यूट्रल तुटली तर फेजची वीज त्याच तुकड्यावरून थेट गाडीच्या पत्र्यावर येते, आणि पत्र्याला हात लावणारा माणूस ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असतो. मी चार आण्यांसाठी घासाघीस करणारा माणूस आहे, तरीही हा उपाय करू नये असेच सांगेन.

एप्रिलपर्यंत माझे मत असे होते की चार्जरची ही तपासणी म्हणजे शहरी सोवळे आहे आणि ते बंद करायचे बटण ग्राहकाला मिळायला हवे. हे मत जुलैमध्ये बदलले. मांडूच्या बाजूला पावसात शिबिर होते, आणि तिथल्या घराला अर्थिंग आहे असे घरमालकाने छातीठोकपणे सांगितले होते. चार्जरने तीन वेळा लाल दिवा दाखवला. वैतागून आमची सळई ठोकली आणि सहज म्हणून मल्टिमीटरचे एक टोक सळईला, दुसरे घराच्या तिसऱ्या पिनला लावले, तर 110 व्होल्ट दिसले. बल्ब लावला तर तोही मंद पेटला, म्हणजे यावेळी मल्टिमीटर फसलेला नव्हता. पाण्यातल्या मोटारीचे वेष्टन भिजून वीज गळत होती आणि ती घरभर फिरवलेल्या हिरव्या तारेवर चढली होती, कारण त्या तारेचे जमिनीतले टोक केव्हाच गंजून तुटले होते. ही तपासणी नसती आणि गाडी त्याच सॉकेटला लागून राहिली असती तर ते 110 व्होल्ट आमच्या ट्रकच्या पत्र्यावर आले असते, आणि त्या क्षणी सहा मुले चिखलात उभी राहून ट्रकमधून पातेली उतरवत होती. तेव्हापासून त्या बटणाची मागणी मी मागे घेतली आहे. लुकलुकण्याविषयीची तक्रार मात्र कायम आहे: अर्थिंग नाही, व्होल्टेज कमी आहे आणि वीज गळते आहे, या तिन्हींसाठी एकच तीन लुकलुकी का, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

इतर गोष्टी थोडक्यात. पहिली तार मी स्वस्तातली, दीड चौरस मिलिमीटरची, 50 मीटर घेतली होती. 13 अँपिअर ओढताना अशा तारेतच सुमारे 17 व्होल्ट पडतात आणि सव्वादोनशे वॉटची उष्णता तयार होते; तीही मी चाकावर गुंडाळलेलीच ठेवली होती, म्हणून मध्यरात्री वास आला आणि सकाळी आतले वेढे एकमेकांना चिकटलेले सापडले. आता चार चौरस मिलिमीटरची 40 मीटर तार आहे आणि ती पूर्ण उलगडूनच वापरतो. संध्याकाळी खेड्यात व्होल्टेज 180 वर उतरते आणि 170 च्या खाली गेले की माझा चार्जर थांबतो, म्हणून गाडी रात्री अकरानंतर लावावी. आणखी एक: शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवरून गाडी भरू नये. ती सवलतीची वीज शेतीसाठी असते आणि दुसऱ्या कामासाठी वापरली तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 खाली आकारणी होऊ शकते, तीही बिचाऱ्या शेतकऱ्यावर. आम्ही घराच्या मीटरवरूनच घेतो आणि आधीचे व नंतरचे आकडे त्याच्यासमोर वहीत लिहितो.

सौरपट्ट्यांचा मोह मलाही झाला होता. 540 वॉटची एक पट्टी सव्वादोन मीटर लांब आणि 28 किलो वजनाची असते. ट्रकच्या टपावर दोन बसतात, आणि थंडीतल्या स्वच्छ दिवशी घट वजा जाता दोन्ही मिळून 4 युनिट देतात. म्हणजे दिवसभर उन्हात उभे राहून 20 किलोमीटर, तेही वेगळी बॅटरी आणि 3 किलोवॉटचा इन्व्हर्टर घेतल्यावर. पेट्रोलच्या जनरेटरमधून एका लिटरला जेमतेम 2 युनिट हाताला लागतात, म्हणजे युनिट 50 रुपयांच्या वर. शिवाय लहान जनरेटरची न्यूट्रल जमिनीशी जोडलेली नसते, त्यामुळे त्याच्यावरही आमचा चार्जर तीन वेळा लुकलुकला. भाड्याचे 600 रुपये गेले.

इथपर्यंत लिहून झाले असताना सर्व्हिस सेंटरचा फोन आला. चार पत्रे आणि पुतण्याने काढलेला कॅलेंडरच्या खिळ्याचा फोटो पाठवल्याचा तो परिणाम असावा. 1,180 रुपये रोख परत मिळणार नाहीत, पुढच्या सर्व्हिसमध्ये वळते करून देतील. पुढची सर्व्हिस दहा हजार किलोमीटरनंतर आहे. वळते करताना जीएसटी धरणार की नाही असे विचारले, तर विचारून सांगतो म्हणाले.

चोरलच्या मळ्यावर आम्ही अजूनही दर महिन्याला जातो. एकदा सळई तिथेच ठेवून आलो होतो. शेतकऱ्याने पुढे तिच्या शेजारी कोळसा-मीठ भरून रीतसर खड्डा केला, वेगळे मीटर घेतले, आणि आता चोरल धरणावर फिरायला येणाऱ्यांच्या विजेवरच्या गाड्या तो 15 रुपये युनिटने भरून देतो. गाड्या भरून देण्यासाठी परवाना लागत नाही, असे वीज मंत्रालयाने 2018 मध्येच स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे त्यावर बोट ठेवता येत नाही. गेल्या खेपेला त्याने आमच्याही आकड्यांवर 15 चा गुणाकार केला. सळई माझी आहे याची आठवण मी करून दिली, तेव्हा त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.