‘गॅरेज इंक.’ : आठ महिने गाडीत वाजवल्यावर

मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडची ही दोन सीडींची जोडी ऑक्टोबरात सेकंडहँड घेतली. डबीची बिजागरी तुटलेली, एका सीडीवर ओरखडा. माझ्या गाडीत ब्लूटूथ नाही, जुना सीडी प्लेयर आहे आणि रोज नागपूर ते बुटीबोरी जाणं-येणं. जाताना पहिली, येताना दुसरी, असं मेअखेरपर्यंत चाललं. मग लिहायला बसलो.

सगळी २७ गाणी दुसऱ्यांची आहेत, म्हणजे कव्हर. पहिल्या सीडीतली ११ जवळजवळ सगळी १९९८ मध्ये नव्याने केलेली, दुसरीतली १६ त्याआधी इकडेतिकडे विखुरलेली.

सुरुवातीला मी पहिलीच्या प्रेमात होतो. आवाज गुबगुबीत, ‘व्हिस्की इन द जार’ लागलं की वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये स्टिअरिंगवर ठेका धरायचो. एका रविवारी तर्री पोहे खाताना मित्रासमोर कौतुक केलं, तर तो भडकला. “अबे, थिन लिझी या आयरिश बँडनं हे १९७२ मध्येच वाजवलं. यायनं फक्त जोर लावला!” मी म्हटलं, गाणं थिन लिझीचं तरी कुठे, आयरिश लोकगीत आहे. तुकोबांचा अभंग कोणी गायला तर त्याले कव्हर म्हणतो का? तो तर्री ओरपत म्हणाला, “अभंगाले जो तो आपली चाल लावते. सुरुवातीची गिटार लोकगीतातली नाही ना बे, थिन लिझीची आहे. यायनं तेच उचललं.”

घरी येऊन दोन्ही पाठोपाठ ऐकली. त्याचं बरोबर होतं. या गाण्याला २००० साली ग्रॅमी मिळालं, पण दोन्ही ऐकल्यापासून माझ्यासाठी ते उतरलं ते उतरलंच. ‘टर्न द पेज’चंही तसंच, बॉब सीगरच्या मूळ गाण्यात जो थकवा आहे, तो इथे नुसता जड झालाय. अपवाद ‘सॅब्रा कॅडाब्रा’चा. ते ब्लॅक सबाथ या बँडचं, त्यात मध्येच त्यांचंच दुसरं गाणं घुसवलंय, आणि ते सांधल्याचं कळतही नाही. मर्सीफुल फेट या बँडच्या पाच गाण्यांची अकरा मिनिटांची मिसळ मात्र मी सहसा पुढे ढकलतो.

दुसरी सीडी आधी कर्कश वाटली होती. फेब्रुवारीपासून तीच चढत गेली. तिची पहिली पाच गाणी १९८७ च्या छोट्या रेकॉर्डमधली. मेटॅलिकाचा बेस वाजवणारा क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेल्यावर त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, त्याचं बँडसोबतचं हे पहिलं रेकॉर्डिंग. १९८८ च्या अल्बममध्ये त्याचा बेस शोधावा लागतो, इथे तो छातीत वाजतो. पाचव्या गाण्याच्या शेवटी आयर्न मेडनचं एक गाणं मुद्दाम बेसूर वाजवून सोडून दिलंय. मला अजून दर वेळी हसू येतं. आणि पुढचं ‘एम आय इव्हिल’! मूळ डायमंड हेड या इंग्लिश बँडचं, १९८० चं. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक पोरगा असताना या बँडसाठी इंग्लंड गाठून त्यांच्या मागे मागे फिरला होता. इथे ते गाणं ऐकताना पोरांनी आपल्या आवडत्या बँडवर जीव ओवाळून टाकल्यासारखं वाटतं. माझा तो मित्रही यावर काही बोलत नाही.

एक सूचना, घरच्यांसमोर दुसरी सीडी लावू नका. रामटेकला जाताना ‘सो व्हॉट’ लागलं. त्यात शिव्यांशिवाय फारसं काही नाही. मागच्या सीटवर आई होती. तिला इंग्रजी येत नाही, तरी म्हणाली, “याले कोणी मारलं का रे?” मी घाईघाईत बंद केलं.

पहिलीला पाचपैकी तीन, दुसरीला साडेचार. अर्धा गुण ओरखड्याचा, तो नेमका तिच्यातल्या ‘ब्रेडफॅन’ या गाण्यावर आलाय.

पहिली सीडी तीन आठवड्यांपूर्वी तोच मित्र घेऊन गेला, म्हणे चुका काढायच्या आहेत. मी अजून परत मागितलेली नाही. आता जाताना-येताना दोन्ही वेळा दुसरीच चालते.