उतारावर दुखणारा गुडघा आणि या फिजिओथेरपी क्लिनिकमधले माझे तीन महिने

मी साताऱ्यातच राहते, वय ४३, शाळेत नोकरी, चार वर्षं झाली पळतीये. इथली हिल हाफ मॅरेथॉन ज्यांना माहितीये त्यांना रस्ता सांगायला नको, समर्थ मंदिरावरून पुढे यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि वळून तोच घाट उतरायचा, सगळं मिळून २१ किलोमीटर. लोक चढाला घाबरतात, माझा गुडघा उतारावर गेला. जूनमध्ये प्रॅक्टिसला घाट उतरताना उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एकदम कळ आली, मग चालतच खाली आले. दोन दिवस आराम केला की काहीच नाही, परत पळायला गेलं की चौथ्या-पाचव्या किलोमीटरला हटकून तेच, आणि शाळेत जिना उतरताना पण.

आधी दुसरीकडे दहा दिवस जाऊन आले, नाव लिहीत नाही. शेक, करंटचं मशीन, जेल लावून अल्ट्रासाउंड, वीस मिनिटं पडून राहायचं आणि घरी. कधी दुखतं, कुठे दुखतं, कुणी नीट विचारलंच नाही, आणि शेवटी काय तर वय झालं आता, पळणं बंद करा, चालत जा. त्या दिवशी घरी येऊन रडले मी. सकाळचा तो एक तास फक्त माझा असतो हो.

मग पळण्याच्या ग्रुपमधल्या एका ताईंनी इथे पाठवलं. पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी वीस-पंचवीस मिनिटं नुसतं विचारलं, आठवड्याला किती पळता, घाट कधीपासून वाढवला, बूट किती जुने, दुखतं ते चढताना का उतरताना, सकाळी उठल्यावर गुडघा जड असतो का, सूज येते का, गुडघा मध्येच अडकतो किंवा पाय सटकल्यासारखा होतो का. सूज किंवा अडकणं असतं तर मी आधी ऑर्थोकडे, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, म्हणाल्या. मग झोपवून गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर अंगठा दाबून पाय हळूहळू सरळ केला, आणि थोडासा वाकलेला असताना बरोबर तीच कळ! मला तिथेच हायसं वाटलं, म्हणजे खरंच काहीतरी आहे आणि ते सापडलंय.

मग एका पायावर पायरी उतरायला लावली आणि माझ्याच मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवला. उजव्या पायावर उभी राहिले की डावीकडची कंबर खाली जाते आणि उजवा गुडघा आत वळतो. कंबरेपासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या खालपर्यंत एक जाड पट्टी असते, आयटी बँड, ती गुडघ्यापाशी दाबली जाऊन दुखते, आणि उतारावर प्रत्येक पावलाला गुडघा नेमका त्याच कोनात येतो. माझे नितंबाच्या बाजूचे स्नायू कमजोर आणि त्यात मी दोन आठवड्यांत घाट दुप्पट केलेला. म्हणजे दुखत होतं गुडघ्यात आणि काम करायचं होतं कंबरेवर. मी रोज मांडीच्या बाहेरून फोमचा रोलर फिरवत होते तर म्हणाल्या, बरं वाटत असेल तर फिरवा पण ती पट्टी त्याने लांब होत नाही.

पळणं पूर्ण बंद केलं नाही हे मला सगळ्यात आवडलं. तीन आठवडे उतार बंद, सपाटीला दुखायच्या आत थांबायचं, चढ चालत चढला तर चालेल. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायचं, तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलं असेल तर चालू ठेवायचं, नसेल तर कमी करायचं. व्यायाम चारच, कुशीवर झोपून पाय वर, रबर बँड लावून गुडघे उघडायचे, ब्रिज म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलायची, आणि पायरीवरून सावकाश उतरणं, नंतर दप्तरात पुस्तकं भरून वजन वाढवलं. पावलं छोटी करायला लावली, माझी मिनिटाला १५६ पडायची ती मोबाईलवर ठोका लावून १६५ पर्यंत आणली, सुरुवातीला दम लागला पण गुडघ्यावरचा मार लगेच कमी वाटला.

पाचव्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून मी न विचारता अख्खा घाट उतरले आणि परत दुखलं. मॅडम रागावल्या नाहीत, वही काढली, एक आठवडा मागे नेलं आणि उतार अर्ध्या किलोमीटरपासून परत सुरू केला. सप्टेंबरमध्ये घाट चढून उतरून आले, शेवटी दुखणं एक, फार तर दीड.

मध्ये आईला पण घेऊन गेले, ६९ वय, दोन्ही गुडघे झिजलेले, एक्स-रे बघून ती घाबरून हिंडायचीच बंद झाली होती. तिला सांगितलं, एक्स-रे वाईट दिसला म्हणजे तितकंच दुखेल असं नसतं, मांडीत ताकद आली की गुडघ्याला आधार मिळतो. खुर्चीतून हात न टेकता उठ-बस दहा वेळा, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची. पूजेला मांडी घालून बसायचा तिचा हट्ट, तर देव उंचावर मांडून स्टुलावर बसायला सांगितलं आणि तिने ते ऐकलं, माझं कधी ऐकत नाही. दुखणं गेलं नाही पण राजवाड्यावर भाजीला परत स्वतः चालत जाते.

पैसे एका वेळचे ४००, आणि मला एकूण आठच वेळा बोलावलं, मशीन जवळपास लावलंच नाही.

पण दोन-तीन गोष्टी सुधाराच. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना उभा, आईला मध्ये दोनदा थांबावं लागलं. संध्याकाळी सहानंतर अपॉइंटमेंट असूनही पाऊण तास बसावं लागतं, जमत असेल तर सकाळची वेळ घ्या. आणि व्यायामाचा कागद इंग्रजीत आहे, आईला वाचता येत नाही, मी तिच्यासाठी मोठ्या अक्षरात मराठीत लिहून काढलाय. मॅडम, तो कागद पुढच्या वेळी घेऊन येते, झेरॉक्स काढून सगळ्या आज्ज्यांना द्या.