३४००जी चा बोर्ड गेला: पुन्हा ए३२०, की बी४५०, की थेट बी५५०?

एएमडीचा रायझन ५ ३४००जी हा प्रोसेसर २०१९ च्या जुलैत आला. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता काम भागत असल्यामुळे आपल्याकडे घरच्या आणि दुकानातल्या असेंबल्ड पीसींमध्ये तो भरपूर बसला, बहुतेक वेळा स्वस्तातल्या ए३२० मदरबोर्डावर. आता ते बोर्ड एकेक करून मान टाकताहेत. प्रोसेसर ठणठणीत, रॅम चांगली, आणि तोच बोर्ड मात्र बाजारात मिळत नाही. म्हणून दुसरा, पण जुळणारा बोर्ड शोधायचा.

पण आधी बोर्डच गेलाय ना, ते बघा. कुणाचा तरी चालू एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावून पाहा, रॅमची एकच काडी ठेवून पाहा. एसएमपीएसनेच बोर्ड मारला असेल, तर नवा बोर्डही तो महिन्याभरात खाईल.

ए३२०, बी४५०, ए५२० आणि बी५५० हे चारही चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, तिच्याच नावाने बोर्ड ओळखतात) एएम४ सॉकेटचेच, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा तीच, आणि डीडीआर४ रॅमवालेच. प्रोसेसर चारही बोर्डांत खटकन बसतो. घोळ होतो तो इथेच, कारण सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालला असं नाही. बोर्डाच्या बायोसने (पीसी सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) त्याला ओळखावंही लागतं.

| | ए३२० | बी४५० | ए५२० | बी५५० |
|---|---|---|---|---|
| कधीचा | २०१७ | २०१८ | २०२० | २०२० |
| ३४००जी | चालतो | चालतो | एएमडीच्या यादीत नाही | एएमडीच्या यादीत नाही |
| ५६००जी (नंतरचा प्रोसेसर) | नव्या बायोसवर | नव्या बायोसवर | चालतो | चालतो |
| प्रोसेसर ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) | नाही | होतो | नाही | होतो |

बी५५० च्या खोक्यावर ‘रायझन ३००० सिरीज सपोर्ट’ असं छापलेलं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो. ३४००जी चा आकडा तीन हजारांतला असला तरी आतली रचना मागच्या पिढीची, झेन प्लस आहे. खोक्यावरचे ‘३०००’ म्हणजे ३६०० सारखे झेन २ वाले. त्यामुळे महागडा, नवा बी५५० आणून लावायचा आणि स्क्रीन काळीच राहायची, असं सहज होऊ शकतं. बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मॉडेलच्या पानावर सीपीयू सपोर्टची यादी असते. तिच्यात ‘३४००जी’ हे अक्षर न् अक्षर दिसलं नाही तर बोर्ड घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो की ‘चालेल साहेब, एएम४ आहे’.

म्हणजे प्रोसेसर तोच ठेवायचा असेल तर खरी निवड ए३२० आणि बी४५० यांच्यातच आहे.

ए३२० च्या बाजूने किंमत आहे, बाकी फार काही नाही. ओव्हरक्लॉक होत नाही हे कारण मी मोजतच नाही. हिशेब आणि ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्या पीसीवर ते कोण करतंय? मला खटकतो तो प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग. स्वस्त ए३२० वर त्या भागाला बहुधा हीटसिंकही नसतो. ३४००जी हा ६५ वॅटचा प्रोसेसर असल्याने एरवी निभतं, पण नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बिनपंख्याच्या कॅबिनेटमध्ये दिवसभर चालणाऱ्या मशीनवर मी तसा बोर्ड लावणार नाही. शिवाय फार दिवस पडून राहिलेल्या ए३२० मध्ये जुना बायोस असू शकतो, आणि तो ३४००जी ला ओळखतच नाही. खोक्यावर ‘रायझन डेस्कटॉप ३००० रेडी’चा स्टिकर असला तर बरं. तरीही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत समोरासमोर घेत असाल तर प्रोसेसर सोबत न्या आणि तिथेच डिस्प्ले आलेला बघून पैसे द्या.

बी४५० मध्ये हा भाग साधारणपणे जास्त दणकट असतो आणि चार रॅम स्लॉटचे पर्यायही मिळतात. रॅमबद्दल एक सांगतो: ३४००जी मधलं वेगा ११ ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं, त्यामुळे एका काडीऐवजी दोन जुळ्या काड्या लावल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या बोर्डावर एकच असेल तर दुसरीचा विचार आत्ताच करा. मात्र २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. डीडीआर५ वाल्या एएम५ (एएमडीचं नवं सॉकेट) कडे उडी मारायचा मोह मी त्याच कारणाने इथेच सोडून देतो. तिथे बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच नवं घ्यावं लागतं.

बी४५० चं माझ्या लेखी मोठं कारण पुढचं आहे. आज ३४००जी लावा, बायोस अद्ययावत करून ठेवा, आणि वर्ष-दोन वर्षांनी ५६००जी (सहा कोअर, बारा थ्रेड) त्याच बोर्डावर बसवा. ए३२० वरही हे होतं, पण फक्त कंपनीने त्या मॉडेलला तसा बायोस दिला असेल तर.

प्रोसेसर आत्ताच बदलायचा असेल तर गणित उलटतं. तेव्हा ए५२० घ्या. ५६००जी सोबत बी५५० घेणारे पीसीआय एक्स्प्रेस ४.० (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडायचा वेगवान मार्ग) साठी जास्त पैसे मोजतात, आणि तो प्रोसेसर ३.० च्या पुढे जातच नाही. बी५५० शोभतो तो ग्राफिक्स कार्ड आणि ‘जी’ नसलेला प्रोसेसर असेल तेव्हाच.

वापरलेला बी४५० घ्यावा का? घ्यावा, पण सॉकेट भिंगातून बघून, मागचे एचडीएमआय पोर्ट तपासून. कार्ड नसलेल्या पीसीला तो पोर्टच डोळे आहेत. कंपनीची वॉरंटी उरली असेल तर मूळ जीएसटी बिल मागून घ्या. कॅबिनेट मायक्रो-एटीएक्सचं असेल तर मोठा एटीएक्स बोर्ड त्यात जात नाही, हेही आधी मोजा.

आता विंडोज. डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) एन्क्रिप्ट झालेली असेल (विंडोज ११ मध्ये ते नकळत सुरू झालेलं असू शकतं) तर नवा बोर्ड पहिल्याच बूटला ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. बोर्ड बदलण्याआधी फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की लिहून घ्या. ॲक्टिव्हेशन त्याच अकाउंटला जोडलेलं असेल तर सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटमधून ‘हार्डवेअर बदललं’ असं सांगून बहुधा परत मिळतं. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) लायसन्स असेल तर चिंता नाही, ओईएमचं (त्याच पीसीला बांधलेलं) असेल तर नव्या लायसन्सचा खर्च मनात धरून ठेवा.

आणि जुन्या बोर्डावरून प्रोसेसर काढताना कूलर सरळ वर ओढू नका. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, १३३१. पेस्ट वाळली असेल तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. बोर्ड मेला असल्याने तो चालवून तापवता येत नाही, तेव्हा हेअर ड्रायरची हलकी ऊब द्या, कूलर डावी-उजवीकडे पिळून सैल करा आणि मगच उचला.