गाण्यासाठी तिसरा स्पीकर: पावसाळाभर वापरल्यानंतर

डाव्या-उजव्या स्पीकरच्या मधोमध तिसरा स्पीकर लावून मी अख्खा पावसाळा आणि त्यानंतरची थंडी गाणी ऐकली. सिनेमासाठी नव्हे, निव्वळ गाण्यासाठी. ‘स्टिरिओला (डावा-उजवा अशा दोन स्पीकरांना) सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, कशाला?’ असं बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आमच्या घरातून हा स्पीकर आता हलणार नाही.

आधी खोली कशी आहे ते सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं जुनं घर, पुढची खोली लांबट, खाली शहाबादी फरशी. आमच्याकडं गाणं लावलं की एकटं कुणी ऐकत नाही. आबा दाराजवळच्या खुर्चीत, आई दिवाणावर, मित्र आले की सतरंजीवर मिळेल तिथं. दोन स्पीकरांच्या बरोबर मधली जागा एकाच माणसाला मिळते, बाकीच्यांनी काय करायचं?

दोन स्पीकरांवर गाणारा मधोमध बसल्यासारखा वाटतो, पण तिथं काहीच नसतं. दोन्हीकडून सारखा आवाज एकाच वेळी आला की आपले कान तो मधे धरतात. थोडं बाजूला सरका, जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि गाणारा उचलून तिकडं जातो. आबांना वर्षानुवर्षं प्रत्येक गायिका उजव्या खोक्यातूनच ऐकू यायची. बरं, अगदी मधे बसलं तरी एक दोष राहतोच. प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात, त्यातला पलीकडचा साधारण पाव मिलिसेकंद उशिरा. त्यामुळं २ किलोहर्ट्‌झच्या आसपास आवाज एकमेकांना खातात, आणि शब्द स्वच्छ कळायला नेमका तोच पट्टा लागतो. मधे खरा स्पीकर असला की मधल्या आवाजातला हा खड्डा भरून निघतो.

कल्पना जुनीच आहे. १९३३ साली बेल लॅब्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेनं फिलाडेल्फियातलं वाद्यवृंदाचं वादन तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवलं, तेव्हा डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाहिन्या (चॅनेल) होत्या. अमेरिकेतले स्पीकर बनवणारे पॉल क्लिप्श यांनी १९५७ मध्ये ‘हेरसी’ स्पीकर काढला तो कोपऱ्यातल्या दोन मोठ्या स्पीकरांच्या मधे ठेवायला म्हणूनच. घरोघरी मात्र दोनच पोचले, कारण एलपी तबकडीच्या खाचेला भिंती दोन आणि त्यात वाहिन्याही दोनच मावतात.

राजारामपुरीतल्या दुकानात मला टीव्हीखाली आडवा ठेवायचा सेंटर दाखवला. दोन वूफर (खालच्या सुरांचे), मधे ट्वीटर (वरच्या सुरांचा). तिथंच बाजूला उभं राहून ऐकलं तर आवाज पोकळ होत होता. आडव्या मांडणीत दोन्ही वूफरचे आवाज बाजूच्या माणसाकडं वेगवेगळ्या वेळी पोचतात, त्यामुळं असं होतं. माझी गरजच बाजूला बसणाऱ्यांची. म्हणून माझ्याकडं आहेत तसलेच बुकशेल्फ (छोटे, फळीवर मावणारे) स्पीकर आणखी घेतले. जोडीच घ्यावी लागली, एक कपाटात पडून आहे. तरी पैसे वाया गेले असं वाटत नाही. तिन्ही स्पीकर एकाच जातीचे नसतील तर तान डावीकडून मधे येताना आवाजाचा रंग बदलतो, आणि ते कानाला फार टोचतं.

आता खरी गंमत. माझ्या जुन्या ए-व्ही रिसिव्हरमध्ये (दोनापेक्षा जास्त स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) ‘डॉल्बी प्रो लॉजिक टू’चा म्युझिक मोड आहे; तो दोन वाहिन्यांच्या गाण्यातून मधला आवाज वेगळा काढतो. त्यात ‘सेंटर विड्थ’ नावाचं सेटिंग ० ते ७ असतं. शून्यावर मधला सगळा आवाज मधल्या स्पीकरला, सातवर पुन्हा साधा स्टिरिओ. कंपनीकडून ते ३ वर येतं. ख्यालाला मी २ ठेवतो. व्हायोलिनचा मोठा ताफा असलेल्या सिनेमाच्या गाण्यांना ४, नाहीतर सगळं वादन मधे गोळा होऊन गाणं आक्रसतं. मधे आधार मिळाल्यामुळं डावा-उजवा स्पीकर आठ फुटांवरून अकरा फुटांवर नेता आले. पूर्वी एवढं अंतर ठेवलं की मधे भोक पडायचं.

सगळ्यात मोठा फरक जयपूर घराण्याच्या गायकीत कळला. विलंबितात बोल घेताना ‘त’ आणि ‘थ’ वेगळे ऐकू येतात, समेवर येण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा. तबला डावीकडं, पेटी उजवीकडं, आणि खोलीत कुठंही बसा, गळा मधोमध. केसरबाई केरकरांच्या जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आहेत. त्यांना मी सरळ शून्य ठेवतो, म्हणजे पूर्ण आवाज एकाच जागेवरून येतो. दोन खोक्यांत वाटलेला तोच आवाज पातळ वाटायचा. केसरबाई ज्यांच्याकडं शिकल्या ते जयपूर घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब कोल्हापूर दरबारचे, त्यामुळं हे गाणं इथं नीट ऐकू यावं असं मनापासून वाटतं. देवल क्लब या इथल्या संगीत संस्थेत उमेदीच्या काळात बैठका ऐकलेले आबा एवढंच म्हणाले, “आता कसं, बाई समोर बसलीया.”

ज्यांच्याकडं साधा स्टिरिओ अ‍ॅम्प आहे त्यांच्यासाठी महत्त्वाचं: दोन्ही चॅनेलच्या वायरी एकत्र करून तिसऱ्या स्पीकरला देऊ नका, अ‍ॅम्प जळू शकतो. दोन्हीकडच्या लाल टोकांमध्ये स्पीकर लावला तर डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो, म्हणजे गळा गायब आणि घुमारा तेवढा शिल्लक. यासाठी रिसिव्हरच हवा. एकटेच, कायम मधल्या खुर्चीत बसून ऐकणार असाल तर फायदा थोडाच. त्या पैशात जाड पडदे आणि सतरंजी घ्या.

लावायचाच असेल तर मधला ट्वीटर बाकी दोघांच्या उंचीवर आणा. मग रिसिव्हरमध्ये तिन्ही अंतरं टेपनं मोजून भरा; आवाजाला एका फुटाला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, अंदाज चालत नाही. मधल्याची पातळी बाकीच्यांइतकीच ठेवा. तो वेगळा ऐकू यायला लागला की समजा जास्त झालाय. आणि रिमोटवरचं ‘डायरेक्ट’ बटण दाबलं गेलं की ही सगळी प्रक्रिया बंद होऊन मधला स्पीकर गप्प बसतो. वायर तपासण्याआधी ते बघा.