ओघ्मानॅनो: थराची जाडी ठरवताना

सेंद्रिय (कार्बनी पदार्थांच्या) सौरघटांच्या आराखड्यासाठी मी ओघ्मानॅनो (जुने नाव जीपीव्हीडीएम) हे सौरघटाचे वर्तन संगणकावर तपासणारे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरतो आणि त्याची खरी मदत थरांची जाडी ठरवताना होते. पी3एचटी हे बहुवारिक व पीसीबीएम हे फुलरीन-संयुग यांच्या मिश्रणाचा, प्रकाश शोषणारा थर जाड करत नेला, तरी विद्युतप्रवाह सरळ वाढत नाही. प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून कुठे वाढतात तर कुठे मंदावतात त्यामुळे, प्रवाह 80 नॅनोमीटरच्या आसपास एक शिखर गाठतो, मग घसरतो आणि पुन्हा चढून 200 च्या थोडे पुढे दुसरे शिखर गाठतो. या दुसऱ्या शिखरावर मात्र भाळू नये, कारण जाड थरात इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉनची रिकामी, धनभारित जागा) वाटेतच एकमेकांना गाठून नाहीसे होतात आणि फिल फॅक्टर, म्हणजे घटाची कमाल शक्ती आणि त्याचा सर्वाधिक व्होल्टेज व प्रवाह यांचा गुणाकार यांचे गुणोत्तर, खालावतो. अपवर्तनांकाची चुकीची फाइल जोडून मी स्वतःच एक दुपार वाया घालवली. आलेख तेव्हाही तितकाच देखणा दिसत होता.