डेकाट्रॉन घड्याळाचं किट: सर्किट झकास, काही पार्ट मात्र बदलाच

डेकाट्रॉन म्हणजे उजेडाचा ठिपका गोल फिरवत मोजणारी काचेची ट्यूब. तीन ओजी-४ डेकाट्रॉनवर तास, मिनिट, सेकंद दाखवणारं हे किट ट्यूबशिवाय मिळतं. सोव्हिएत बनावटीच्या, ऑक्टल (आठ पिनांच्या) बेसच्या ट्यूब वेगळ्या मागवायच्या. प्रत्येक ट्यूबमध्ये मधोमध अ‍ॅनोड, भोवती ३० कॅथोड. निऑनचा नारिंगी ठिपका एकावरून दुसऱ्यावर सरकतो. सेकंदाच्या ट्यूबवर एक जागा म्हणजे २ सेकंद. बघत राहावं असं आहे.

वेळेसाठी डीएस३२३१ हा घड्याळाचा चिप दिलाय, हे उत्तम केलं. मेन्सचे ५० हर्ट्झ मोजणारं घड्याळ मराठवाड्यात कामाचं नाही. लाइट गेली की वेळ पुन्हा लावा. पण मॉड्यूलवर चार्जिंगची सोय आहे आणि सोबत साधा सीआर२०३२ बटण सेल. तो चार्ज होणारा नाही, फुगतो. डायोडजवळचा २०० ओहमचा रेझिस्टर आधी काढा.

खरी कमतरता सप्लायमध्ये आहे. १२ व्होल्टवरून ४५० व्होल्ट तयार होतात आणि आउटपुटला कपॅसिटरही ४५० व्होल्टचाच! लातूर-नांदेडच्या मे महिन्यात, बंद लाकडी खोक्यात तो किती टिकणार? ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर लावा. अ‍ॅनोडचा ६८० के (किलोओहम) रेझिस्टर पाव वॅटचा आहे. असे रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतचे असतात. त्याऐवजी ३३० के चे दोन सिरीजमध्ये घ्या आणि थेट सॉकेटच्या पिनलाच सोल्डर करा. तिथे लांब वायर ठेवली की ठिपका पायऱ्या चुकवतो.

गाइडसाठी, म्हणजे ठिपका पुढे ढकलणाऱ्या कॅथोडसाठी, एमपीएसए४२ ट्रान्झिस्टर आहेत, ३०० व्होल्टचे. एखादा उडाला तर दुकानदार हमखास बीसी५४७ पुढे करतो. घेऊ नका, तो ४५ व्होल्टचा, लगेच जातो.

ठिपका उलटा फिरला तर दोन्ही गाइडच्या वायरी आपसात बदला. एकाच जागी अडकत असेल तर ट्यूब वर्षानुवर्षं पडून राहिलेली आहे. दिवसभर सलग जोरात फिरवत ठेवा, बहुतेक मोकळी होते. उजेड जांभळट दिसला तर आत हवा शिरलीय, ती ट्यूब परत करा.

पुस्तिकेत एक गोष्ट लिहायलाच हवी होती: अडॅप्टर काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४५० व्होल्ट राहतात. तो चार्ज उतरावा म्हणून त्याला समांतर १ मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये कायमचे जोडा, आणि बोर्डाला हात लावण्याआधी मीटरने तपासा.

सोल्डरिंगचा हात बसलेल्यांनी जरूर घ्यावं. पहिलंच किट असेल तर हे नको.