अंगीकृत झाल्याचं पत्र आलं, यादीत मात्र नावच नव्हतं

तालुक्याच्या ठिकाणी आमचं ३० खाटांचं हॉस्पिटल आहे. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अंगीकृत व्हायचं, म्हणजे कार्डधारकांवर योजनेतून उपचार करणाऱ्या रुग्णालयांच्या यादीत यायचं, कधीपासून मनात होतं, पण ओपीडीतून सवड मिळेना. अशात एका 'एम्पॅनलमेंट कन्सल्टंट'चा, म्हणजे अंगीकृत करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाचा, फोन आला. वरपर्यंत ओळख आहे, तपासणीला कोणी येणारही नाही, असं तो म्हणाला. तिथेच फोन ठेवायला हवा होता.

त्याने ४० हजार आगाऊ घेतले. नर्सिंग होम नोंदणी, अग्निशमनची एनओसी, डॉक्टरांची कौन्सिल प्रमाणपत्रं, पॅन, कॅन्सल चेक, सगळं मी व्हॉट्सॲपवर पाठवलं. तीन आठवड्यांनी अंगीकृत झाल्याच्या पत्राचं पीडीएफ आलं. त्यावर राजमुद्रा होती, जावक क्रमांक होता, सही होती. आम्ही दारावर पाटी लावली.

पाटी वाचून एक बाई आल्या. पित्ताशयात खडे, हातात कार्ड. योजनेच्या पोर्टलचा आयडी-पासवर्ड आला की लगेच ऑपरेशन करू, असं सांगून मी त्यांना थांबवलं. बारा दिवस त्या दुखणं काढत राहिल्या. शेवटी मी आयुष्मान भारतच्या १४५५५ या हेल्पलाइनवर विचारलं, तेव्हा कळलं की आमचं नाव यादीतच नाही. पैशांपेक्षा ते बारा दिवस मला जास्त लागले.

खरी पद्धत अशी आहे. अर्ज हॉस्पिटलनेच पोर्टलवर भरायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. मग जिल्हा समिती येऊन खाटा, ऑपरेशन थिएटर, मनुष्यबळ प्रत्यक्ष पाहते आणि निर्णय राज्य पातळीवरची समिती घेते. त्यानंतर करार होतो. पाहणीशिवाय मंजुरी देतो म्हणणारा खोटंच बोलतोय. ज्यांनी या योजनांत आधी काम केलंय त्यांना एक फोन केला असता, तरी हे मला कळलं असतं.

पुढचा घोळ वेगळाच. त्याने आमच्या नावाने नोंदणी केली होती, पण मोबाइल आणि ई-मेल स्वतःचे टाकून. त्यामुळे आम्हाला आमचाच अर्ज उघडता येईना. लॉगिनचा नंबर हॉस्पिटलचाच ठेवा, दुसऱ्याच्या हाती देऊ नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पैसे गेले असतील तर तिथे फोन करायला एक दिवसही लावू नका. मी आठवडा घालवला.

बाईंना जिल्ह्याच्या अंगीकृत रुग्णालयात मी स्वतः घेऊन गेलो, ऑपरेशन झालं. पाटी उतरवली आहे. लॉगिन परत मिळावं म्हणून पत्र दिलंय, उत्तराची वाट पाहतोय.